दम खायला दहा सेकंद

५ नोव्हेंबर २०११. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कलूसा. कॉलेज फुटबॉलमध्ये त्या घडीला पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेले एलएसयू आणि अलाबामा हे संघ समोरासमोर आले. सामना जादा वेळेत गेला आणि एलएसयूने तो ९-६ असा जिंकला. अख्ख्या सामन्यात एकही टचडाउन झालं नाही, म्हणजे चेंडू समोरच्या टोकापार एकदाही गेला नाही. नऊ वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२० रोजी, याच अलाबामाने ओल मिस या संघाला ६३-४८ असं हरवलं. दोन्ही दिवशी अलाबामाचे प्रशिक्षक एकच होते, निक सेबन. बचावाच्या जोरावर विजेतेपदं मिळवणारे प्रशिक्षक म्हणून सगळा देश त्यांना ओळखत होता.

या नऊ वर्षांत मैदान तेवढंच राहिलं, खेळाडूही अकराच राहिले. बदलला तो दोन चालींमधला वेळ. त्या वेळेवर हक्क कुणाचा, यावरून प्रशिक्षकांमध्ये असं जुंपलं की प्रकरण थेट नियम समितीपर्यंत गेलं.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळत किंवा फेकत शंभर यार्डांचं मैदान कापायचं आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर येऊन अडवायचं, असा हा खेळ. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. दहा यार्ड पार झाले की पुन्हा नव्या चार. एकेक चाल पाच-सहा सेकंदांत आटोपते, शिट्टी वाजते, सगळे थांबतात. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे कर्णधार क्षेत्ररक्षण हलवतो, गोलंदाज आपल्या खुणेकडे चालत जातो. इथेही दोन चालींमधला वेळ हा खेळाचाच भाग असतो. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. दमलेला बाहेर जातो, ताजातवाना आत येतो.

पारंपरिक पद्धतीत या मधल्या वेळात आक्रमण करणारे अकरा जण कोंडाळं करून उभे राहतात. यालाच हडल म्हणतात. चालीचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक पुढची चाल सांगतो आणि मग सगळे आपापल्या जागी जातात. या प्रथेचं श्रेय साधारणपणे पॉल हबर्ड या खेळाडूला दिलं जातं. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचा हा १८९०च्या दशकातला क्वार्टरबॅक. त्याचा संघ खुणांच्या भाषेत बोलायचा. समोर दुसऱ्या कर्णबधिर शाळेचा संघ असला की त्यांनाही त्या खुणा वाचता यायच्या. म्हणून त्याने गड्यांना गोल उभं केलं आणि बोलणारे हात त्यांच्या पाठींआड लपवले.

वेगाची हौस तितकीच जुनी आहे. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना ‘हरी-अप’ हेच टोपणनाव पडलं होतं. १९०१च्या मोसमात त्यांच्या संघाने अकरा सामन्यांत मिळून ५५० गुण केले आणि एकही गुण दिला नाही. पुढे मात्र घाईचा खेळ सामन्याच्या अखेरच्या दोन मिनिटांपुरताच उरला. पिछाडीवर असलेल्या संघाने घड्याळाशी झुंजायचं तेवढ्यापुरता. तो सामनाभर खेळण्याचा पहिला मोठा प्रयोग १९८८मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये झाला. सिनसिनाटी बेंगल्सचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी हडलच सोडून दिलं. समोरच्या संघांना ते पेलेना, आणि वेग तोडण्यासाठी बचावातले खेळाडू दुखापतीचं सोंग घेऊन मैदानात पडू लागले. जानेवारी १९८९मध्ये बफेलो बिल्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी जेमतेम दोन तास उरले असताना लीगने वाइश यांना हा प्रकार करू नका असं बजावलं. बेंगल्स तरीही जिंकले. आणि तक्रार करणाऱ्या बफेलोने वर्षा-दोन वर्षांत तीच पद्धत उचलली आणि सलग चार वर्षं सुपर बोल हा अंतिम सामना गाठला. तक्रार करायची आणि मग तेच शिकायचं, हा क्रम या गोष्टीत पुढेही दिसतो.

कॉलेज फुटबॉलमध्ये दार उघडलं ते २००८च्या एका नियमाने. तोवर चाल संपली की पंच चेंडू जागेवर ठेवायचे, सावकाश खूण करायचे आणि त्या खुणेपासून २५ सेकंदांत पुढची चाल सुरू करावी लागायची. कुठले पंच चटपटीत, कुठले संथ. त्यामुळे खेळाची गतीही पंचांगणिक बदलायची. ती एकसारखी व्हावी म्हणून व्यावसायिक फुटबॉलसारखं ४० सेकंदांचं घड्याळ आणलं गेलं. चाल संपताक्षणी ते सुरू होतं आणि चेंडू जागेवर ठेवला की आक्रमण करणारा संघ हवं तेव्हा खेळू शकतो. हेतू शिस्तीचा होता. पण घाई करू इच्छिणाऱ्यांच्या हातात यातून घड्याळच गेलं.

ते सर्वांत जोरकसपणे वापरलं ऑरेगनच्या चिप केली यांनी. २००९ ते २०१२ या चार मोसमांत ते मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने ४६ सामने जिंकले, फक्त ७ हरले. त्यांच्या सरावात मोठमोठ्याने संगीत वाजायचं, चालींमधे थांबणं नसायचं, चूक दुरुस्त करायची ती नंतर व्हिडिओ पाहताना. सामन्यात मैदानाच्या कडेला मोठे फलक उंचावले जायचे. प्रत्येकावर चार चित्रं: कुणा टीव्ही समालोचकाचा चेहरा, एखादा प्राणी, एखादी खूण. कोणता फलक खरा आणि कोणता दिशाभूल करण्यासाठी, हे फक्त ऑरेगनच्या खेळाडूंना ठाऊक. एका नजरेत अकरा जणांना चाल कळायची आणि पंच चेंडू ठेवून मागे सरकतो न सरकतो तोच तो उचलला जायचा.

या पद्धतीची खरी धार खेळाडू बदलण्याच्या नियमात आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. आक्रमण करणाऱ्या संघाने एक जरी खेळाडू बदलला, तर पंच चेंडूपाशी उभा राहतो आणि बचावालाही बदल करू देतो. पण आक्रमणाने कुणालाच बदललं नाही, तर बचावासाठी कुणी थांबत नाही. समजा, धावत चेंडू नेण्याची चाल येईल म्हणून बचावाने चार अवजड गडी आत ठेवले आहेत. आक्रमणाने तेच अकरा जण ठेवून त्यांना मैदानभर पसरवलं आणि चेंडू फेकायला सुरुवात केली. आता १४० किलोच्या त्या गड्याला चपळ खेळाडूंच्या मागे पळायचं आहे. पहिली चाल झाली, दुसरी झाली. तो गुडघ्यांवर हात टेकून बाकाकडे पाहतो. प्रशिक्षकाला त्याला बाहेर काढायचं आहे, पण मैदानाची रुंदी ५३ यार्ड. तो निघाला आणि बाहेर पोचण्याआधी चेंडू उचलला गेला, तर मैदानात बारा गडी, म्हणजे दंड. म्हणून तो तिथेच राहतो. पाचव्या-सहाव्या चालीला त्याचा हात जमिनीवर टेकायच्या आतच समोरचा सुटलेला असतो.

आता तो खरंच सुरक्षित आहे का? सगळा वाद या प्रश्नावर उभा राहिला.

घाईचा खेळ खेळणाऱ्यांचीही एक बाजू होती आणि तिला मातीचा वास होता. गस मालझान हे आर्कान्सा राज्यातले शाळेतले प्रशिक्षक. २००३मध्ये त्यांनी या पद्धतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. रिच रॉड्रिगेझ यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा महाविद्यालयात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती आजमावली. अशा ठिकाणी १४० किलोचे चपळ गडी फिरकत नाहीत. ते अलाबामा, ओहायो स्टेट अशा बड्या संघांकडे जातात. बड्या संघाकडे पहिली फळी दमली की तितकीच चांगली दुसरी फळी तयार असते. ती मैदानात उतरूच नये याची सोय वेगाने होते. तोलामोलाचे गडी मिळत नसतील, तर समोरच्याचे गडी निरुपयोगी करायचे, ही त्यामागची अक्कल. ती मेहनतीने कमावलेली होती, कारण त्या वेगाने खेळायला आपलेच खेळाडू आधी तयार करावे लागतात.

सेबन यांनी ऑक्टोबर २०१२मध्ये जाहीरपणे विचारलं, फुटबॉल असा व्हावा असं आपल्याला खरोखर वाटतं का? दमलेल्या गड्याला बाहेर काढता येत नाही, यात धोका आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात टेक्सस ए अँड एमने अलाबामाच्या घरच्या मैदानावर पहिल्या सत्रातच २०-० अशी आघाडी घेतली आणि सामना २९-२४ असा जिंकला. केव्हिन समलिन यांच्या त्या वेगवान संघाचा क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेल पहिल्याच मोसमात हाइजमन हा सर्वोच्च किताब मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये मालझान यांच्या ऑबर्नने अलाबामाला ३४-२८ असं हरवलं. शेवटच्या सेकंदाला ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने अलाबामाची हुकलेली किक झेलली आणि सगळं मैदान पळत पार केलं, ते अमेरिकेत आजही सांगितलं जातं. पण सामना बरोबरीत आणणारी त्याआधीची चाल या लेखाच्या विषयाची आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पळतोय असं वाटून बचावाचा गडी पुढे धावला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मोकळ्या खेळाडूकडे गेला. सतत घाईत ठेवलेल्या बचावाला असे निर्णय चुटकीसरशी घ्यावे लागतात.

हे पराभव ताजे असताना १२ फेब्रुवारी २०१४ रोजी कॉलेज क्रीडा संघटना एनसीएएच्या फुटबॉल नियम समितीने एक प्रस्ताव जाहीर केला. ४० सेकंदांच्या घड्याळातले पहिले दहा सेकंद बचावाला खेळाडू बदलू द्यायचे, तोवर चेंडू उचलायचा नाही. उचलला तर विलंबाबद्दलचा पाच यार्डांचा दंड. घाई केल्याबद्दल विलंबाची शिक्षा, अशी त्याची रचना होती. प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांना हा नियम लागू नव्हता. समितीसमोर येऊन बाजू मांडणाऱ्यांत दोघे होते, सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बीलेमा. दोघेही समितीचे सदस्य नव्हते, दोघांचे संघ संथ, अवजड खेळ खेळणारे. आम्हाला कुणी बोलावलंच नाही, असं म्हणत वेगवान प्रशिक्षक उसळले. साउथ कॅरोलिनाचे स्टीव्ह स्परियर यांनी त्याला ‘सेबन नियम’ म्हणायला सुरुवात केली. रॉड्रिगेझ तोवर ॲरिझोनात होते; त्यांनी ‘स्पीड’ या चित्रपटाच्या धर्तीवर एक विनोदी चित्रफीतच काढली.

या प्रस्तावात एक मेख होती. नियमबदलाच्या नेहमीच्या चक्रात २०१४ हे मधलं वर्ष होतं आणि अशा वर्षी फक्त खेळाडूंच्या सुरक्षेशी संबंधित बदल करता येत. खेळात समतोल राहत नाही, संथ संघांवर अन्याय होतो, असं कारण देऊन चाललं नसतं. म्हणून सगळी मदार सुरक्षिततेवर होती. पुरावा विचारला गेला तेव्हा तो समोर आला नाही. उलट, वेगवान संघही घड्याळावर ३० सेकंदांहून जास्त उरलेले असताना क्वचितच चेंडू उचलतात, असं समितीनेच आपल्या निवेदनात म्हटलं होतं. मग नियम कशासाठी, असा साधा प्रश्न मालझान आणि त्यांच्या बाजूच्यांनी विचारला.

सेबन यांनी त्यावर तर्क मांडला. एक सिगारेट ओढून कर्करोग होत नाही, पण दिवसाला वीस ओढल्या तर शक्यता वाढते. तसंच, जितक्या जास्त चाली तितक्या जास्त टकरी. यात तथ्य आहे. सर्वसाधारण संघ एका सामन्यात सत्तरच्या आसपास चाली खेळायचा, वेगवान संघ ऐंशीच्या पुढे जायचा. प्रत्येक चालीला दोन्ही बाजूंचे दहाएक अवजड गडी एकमेकांवर आदळतात. हे सगळे विद्यार्थी, आणि त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे त्यांना पैसे मिळत नव्हते. चाली वाढल्या म्हणून त्यांच्या पदरात जास्तीचं काही पडत नव्हतं. पण हा तर्क चालींच्या संख्येचा आहे. त्यावर उपाय करायचा तर चाली कमी कराव्या लागतील. पहिल्या दहा सेकंदांना कुलूप लावून ते साधत नाही. सुरक्षिततेच्या नावाने मांडलेला प्रस्ताव मुळात दोन चालींमधल्या वेळेवर ताबा कुणाचा याबद्दल होता, असंच म्हणावं लागतं.

बीलेमा यांनी आणखी पुढे जाऊन मृत्यूचा दाखला दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक खेळाडू त्याच महिन्यात सरावाच्या धावण्यात कोसळून दगावला होता. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचा गुण असलेल्या खेळाडूला दम लागला आणि त्याला बाहेर काढताच आलं नाही तर काय, असं त्यांनी विचारलं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहणाऱ्या वाचकांना सिकल सेल म्हणजे काय हे सांगायला नको. शरीर अतोनात ताणलं गेलं की तो गुण असलेल्यांच्या जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे प्रश्न खोटा नव्हता. मात्र असे मृत्यू प्रामुख्याने सराव शिबिरांतल्या अंगमेहनतीत झालेले आहेत, आणि तिथलं घड्याळ खुद्द प्रशिक्षकांच्याच हातात असतं. ताज्या मृत्यूचा आधार घेतल्याबद्दल बीलेमा यांच्यावर सडकून टीका झाली आणि त्यांनी माफी मागितली. त्या खेळाडूच्या घरच्यांचं दुःख ताजं असताना तो उल्लेख व्हायलाच नको होता. ५ मार्च २०१४ रोजी, अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी, प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला.

तो पडला हे बरंच झालं. वेगाला उत्तर मैदानातच सापडू शकतं हे तोवर दिसलं होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये स्टॅनफर्डने ऑरेगनला त्यांच्याच मैदानावर १७-१४ असं रोखलं. शिस्तीचा बचाव ठेवला आणि चेंडू आपल्याकडे आला की तो अजिबात घाई न करता दाबून ठेवला. वेगाची ती दुखरी बाजू आहे. तीन चाली फसल्या की चौथ्या संधीला चेंडू बहुधा पायाने लांब मारून द्यावा लागतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात चेंडू गेला, आणि नुकताच बाहेर येऊन पाणी प्यायला बसलेला आपलाच बचाव पुन्हा आत. पुढे जानेवारी २०१५मध्ये नव्या प्लेऑफ पद्धतीतल्या पहिल्याच अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने ऑरेगनला ४२-२० असं हरवलं.

आणि सेबन? नियम बदलत नाही हे दिसलं तसे ते बदलले. २०१४मध्येच त्यांनी आक्रमणाची सूत्रं लेन किफिन यांच्याकडे दिली, खेळ पसरवला, वेग वाढवला. बचावातही निव्वळ अवजड गड्यांऐवजी पळू शकणारे गडी घेतले. ओल मिसविरुद्धच्या त्या ६३-४८ सामन्यात समोरचे प्रशिक्षक किफिनच होते. ते अलाबामातून बाहेर पडून तोच वेग घेऊन परतले होते. दोन्ही संघांचे मिळून १११ गुण झाले. त्या मोसमात अलाबामाने सामन्यामागे सरासरी ४८.५ गुण केले आणि अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ५२-२४ असं नमवलं. आपल्याला न पटलेल्या खेळात आपणच सर्वांत चांगले व्हायचं, याला मोठी हिंमत लागते. निवृत्त होताना, जानेवारी २०२४मध्ये, त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदं होती.

वेग काही संपलेला नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये जॉश हायपल यांच्या टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असं हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट उपटून नेले. नियमांमध्ये मात्र गाजावाजा न होता बरंच काही हललं आहे. दहा यार्ड पार झाले की घड्याळ थांबवण्याची १९६८पासूनची प्रथा २०२३मध्ये, अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं सोडून, बंद झाली. त्यामुळे सामन्यातल्या चाली कमी होतात. २०१४मध्ये ज्या चिंतेचं नाव घेतलं गेलं, तिला हात घालणारा उपाय असा नऊ वर्षांनी आला. २०२४पासून प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून एका खेळाडूशी बोलू शकतात. घड्याळावर १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो.

राहिली दुखापतीची सोंगं. २०१०मध्ये कॅलिफोर्नियाच्या बचावातला एक गडी ऑरेगनविरुद्ध बाकाकडे पाहून खाली पडला, ते दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिलं. तसं करायला सांगणाऱ्या सहायक प्रशिक्षकाला एका सामन्याची बंदी झाली. तरीही हे प्रकार थांबले नाहीत. अखेर २०२५च्या मोसमापासून नियम आला: पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कुणी दुखापतीने खाली बसला, तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेण्याची मोजकी संधी, जातो, टाइमआउट उरला नसेल तर पाच यार्डांचा दंड. सोंग घेणाऱ्यांना यामुळे लगाम बसेल. पण चेंडू ठेवला गेल्यानंतर ज्याचा स्नायू खरोखर आखडला किंवा ज्याला खरोखर भोवळ आली, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलालाही आता खाली बसण्याआधी हिशेब करावा लागणार आहे. सामन्याची शेवटची मिनिटं असतील, एकच टाइमआउट उरला असेल, तर तो तसाच उभा राहण्याची शक्यता जास्त. नियम समितीत प्रशिक्षक आहेत, प्रशासक आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत सोंगांची मोजदाद करताना या मुलांकडेही पाहायला हवं. पंचाबरोबर मैदानालगत एक तटस्थ डॉक्टर उभा करून खरी दुखापत ओळखता येईल, आणि ज्या संघांच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षकांचे पगार कोटींमध्ये आहेत, त्यांना हा खर्च जड नाही.